सांग तुझ्या बाबांना

४ मार्च, सोमवार

बाईंचा हुकूम: कुटुंबोपचार शिकणाऱ्या आम्ही शिकाऊ लोकांनी दैनंदिनी ठेवायची. कुणी मागणार नाही, कुणी वाचणार नाही. "रोज दुसऱ्यांच्या घरात डोकावता, तर अधूनमधून स्वतःच्या घराचीही खिडकी उघडा," म्हणाल्या. घ्या, उघडली.

घरात तीन माणसं. बाबा मोजणी खात्यातून निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखल्या. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, तिनं आयुष्यभर लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. हे दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. एक अक्षर नाही. जे काही असेल ते माझ्यामार्फत. "सांग तुझ्या बाबांना, बोळातला दिवा घालवा म्हणावं." "सांग तुझ्या आईला, लावलाय मी, घालवीनही मीच." बाबांची खोली जिन्याच्या बाजूला, आईची मागच्या अंगाला, आणि मधली माझी. एक्स्चेंजमध्ये नोकरी आईनं केली, ड्यूटी मात्र मला लागली.

भांडण कशावरून, तर कपाटावरून. मी लग्न मोडून परत आले तेव्हा बाबांना ते लोखंडी कपाट माझ्या खोलीत हलवायचं होतं, आईला ते तिथं नको होतं. खोल्यांमधल्या बोळात अर्ध्यावर आणलं आणि तिथंच जुंपली. कपाट अजून तिथंच आहे. आम्ही तिघंही अंग चोरून त्याच्या बाजूनं जातो. मला त्या वेळी मध्ये पडून मिटवता आलं असतं, पण मी जरा थकलेली होते.

आज लिहायला कारण आहे. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात कुटुंबोपचाराचा विभाग सुरू होतोय. बाईंनी माझं नाव सुचवलं आणि त्यांनी मला पसंतही केलं. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा. ती जागा मला इतकी हवी आहे की नुसतं लिहितानाही छातीत धडधडतंय. आणि मी जाऊ शकत नाही. मी गेले तर ही दोन म्हातारी माणसं एका घरात मुक्यानं मरतील.

६ मार्च, बुधवार

आज नवीन कुटुंब. आमच्याकडे पद्धत अशी की बाई खोलीत कुटुंबाबरोबर बसतात आणि आम्ही शिकाऊ शेजारच्या अंधाऱ्या खोलीत काचेमागे. आम्हाला ते दिसतात, त्यांच्या बाजूनं तो आरसा, त्यात त्यांना ते स्वतःच दिसतात. सगळं त्यांना आधी सांगितलेलं असतं, तरी पाच मिनिटांत विसरतात.

आई, वडील आणि सोळा वर्षांची मुलगी. शाळेच्या दिवशी मुलीचं पोट दुखतं. सगळ्या तपासण्या झाल्या, पोटात काही नाही. आईवडिलांचं बोलणं तापायला लागलं की मुलीचा हात पोटावर जातो. मग दोघं तिच्याकडे वळतात आणि घर शांत. मी काचेमागे शेजाऱ्याच्या कानात म्हटलं, "त्रिकोण. तिचं पोट म्हणजे या घराच्या कुकरची शिट्टी." शेजारी म्हणजे माझ्यासारखाच एक शिकाऊ, आम्ही त्याला हुंकार म्हणतो, कारण तो 'हं'च्या पलीकडे सहसा जात नाही. "हं," म्हणाला.

मग बाईंनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला. "समजा, उद्या हिचं पोट दुखायचं थांबलं. घरात सगळ्यात जास्त अडचण कुणाची होईल?"

तिघंही एकमेकांकडे बघायला लागली. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली माणसं. इतकं समोर दिसतंय आणि यांना दिसत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

लवकर सुटले. जिना चढताना घरातून दोन आवाज आल्यासारखे वाटले. कुलूप उघडलं तर बाबा त्यांच्या खोलीत, आई तिच्या खोलीत. रेडिओ असणार.

९ मार्च, शनिवार

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंकडे कुडता घट्ट करायला दिला. टाचण्या तोंडात धरून म्हणाल्या, "दुपारचे काय गं हसतात तुझे आईबाबा! बरं वाटतं. नाहीतर या वयात घरंघरं नुसती कुरकुरत असतात."

मी म्हटलं, रेडिओ असतो. काकूंनी टाचण्या काढल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंडात धरल्या.

पण मला काळजी वाटायला लागली आहे. आई एकटीच बोलत-हसत असेल का? सोमवारी तिच्या सपाता बाबांच्या दाराशी दिसल्या होत्या. स्वतःची खोलीही आठवेना, असं झालंय का तिला? तिच्या विस्मरणावर लक्ष ठेवायला हवं.

आणि म्हणे मी दुसऱ्या शहरात जायचं!

१२ मार्च, मंगळवार

बाईंनी आठवण करून दिली. प्रत्येक शिकाऊनं एकदा तरी आपलं स्वतःचं घर काचेसमोर बसवायचं. ते केल्याशिवाय त्या शिफारशीवर सही करत नाहीत. सगळ्यांचं झालं, मीच राहिले आहे.

"ते दोघं एका खोलीत बसणार नाहीत, बाई."

"तू विचारलंस?"

"मला माहीत आहे ना."

त्यांनी माझ्याच हातानं काढलेला माझ्या घराचा नकाशा पुढ्यात घेतला. पुरुषाला चौकोन, स्त्रीला गोल, जिव्हाळ्याला दुहेरी रेघ, भांडणाला नागमोडी. बाबांच्या चौकोनापासून आईच्या गोलापर्यंत मी नागमोडी रेघ अगदी झोकात काढलेली. बाईंनी पेन्सिलचं टोक माझ्या गोलावर ठेवलं. "इथून दोनच रेघा निघतात. बाहेर एकही जात नाही?"

"वेळ कुठे मिळतो?" मी म्हटलं. खरंच मिळत नाही. काल संध्याकाळी एका भिजत घातलेल्या चादरीवरून माझ्या चार फेऱ्या झाल्या.

१५ मार्च, शुक्रवार

एक युक्ती करून बघणार आहे. उलटा उपाय. जे मोडायचं आहे तेच करायला सांगायचं. झोप न येणाऱ्याला म्हणायचं, आज पापणी मिटायची नाही. बघा कसा घोरतो. बाई म्हणतात की हा उपाय आपल्या घरात करू नये, सर्जन घरच्यांच्या पोटावर सुरी चालवत नाही. ठीक आहे, पण बाईंना सांगायचंच कुठे आहे?

जेवताना जाहीर केलं. "आठवडाभर तुम्ही दोघांनी एकमेकांशी अजिबात बोलायचं नाही. माझ्यामार्फतसुद्धा नाही. मी एकही निरोप नेणार नाही. सक्त मनाई."

माझा अंदाज, दोन दिवसांत कोंडी असह्य होईल आणि दोघांपैकी एक जण फुटेल.

आई म्हणाली, "बरं."

बाबा म्हणाले, "हरकत नाही." आणि दोघांनीही माना खाली घालून जेवायला सुरुवात केली. आईचे खांदे हलत होते. तिला रडू आलं असावं. मला वाईट वाटलं, पण उपचारात मन घट्ट करावं लागतं.

१८ मार्च, सोमवार

अजब आहे. काहीच अडलेलं नाही. दूध आलं. गिझर बिघडला तर माणूस येऊन दुरुस्त करून गेला, आणि तो आला तेव्हा दार बाबांनी उघडलं, म्हणजे तो येणार हे त्यांना ठाऊक होतं. फोन आईनं केलेला. बाबांना कसं कळलं? आईच्या गुडघ्याची डॉक्टरांकडची तारीख आज होती, बाबा अर्धा तास आधी बाहेर पडून रिक्षा घेऊन आले. मी तर त्यांना तारीख सांगितली नव्हती.

इतकी वर्षं न बोलता राहून माणसं मनातलं ओळखायला लागतात की काय? यावर कुणी अभ्यास करायला हवा.

मला मात्र चैन नाही. संध्याकाळी घरी आले की बूट काढताना कान आपोआप टवकारतात, आणि कुणी हाक मारत नाही. मधल्या खोलीत बसून राहते. दोन्हीकडच्या भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. आज पुस्तक उघडलं तर एकच पान तीनदा वाचलं.

२० मार्च, बुधवार

हे लिहायची लाज वाटते. पण कुणी वाचणार नाही.

संध्याकाळी बाबांच्या दारात गेले आणि म्हणाले, "आई विचारतेय, गोळी घेतली का?"

आईनं काही विचारलं नव्हतं. आई घरातच नव्हती, खाली काकूंकडे गेली होती.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ. मग अगदी हळू, लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "घेतली म्हणून सांग हो तिला."

इतकं हलकं वाटलं मला. खोलीत येऊन गाढ झोपले, जेवायच्याही आधी.

२२ मार्च, शुक्रवार

सत्राचं विचारलं. आधी आईला: बाबाही असतील, एकाच खोलीत बसावं लागेल, समोर काच असेल, नको असेल तर मी बाईंना समजावते. "येते की," म्हणाली. मग बाबांना. पूर्ण सांगायच्या आतच म्हणाले, "बुधवारी ना? येतो." बुधवार हे मी फक्त आईला सांगितलं होतं.

हुंकारला हे सगळं सांगितलं, उलट्या उपायासकट. तो बराच वेळ चहात चमचा फिरवत बसला. मग तो वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "दिव्याखाली अंधार असतो, तो दिव्याला दिसत नाही."

बाईंबद्दल बोलत असावा. त्याचंही घर मागच्या महिन्यात काचेसमोर बसलं, तेव्हापासून त्यांच्यावर राग आहे.

२७ मार्च, बुधवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

बाईंनी मला पुतळे मांडायला सांगितलं. घर जसं जाणवतं तशी माणसं उभी करायची, कुणी बोलायचं नाही. हे मला छान येतं. बाबांना मी एका भिंतीकडे तोंड करून उभं केलं, आईला दुसऱ्या. मध्ये मी, एक हात बाबांचा धरून, एक आईचा. दोन्हीकडून ताण. माझे खांदे खरंच दुखायला लागले. काचेत मी स्वतःला पाहिलं आणि डोळे भरून आले. काचेपलीकडच्या मंडळींनाही पटलं असणार, असं मनात आलं.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "आता तू हात सोड आणि बाजूला हो."

मी म्हटलं, हात खाली पडतील. सोडले.

पडले नाहीत. बाबांचा हात मागे तसाच राहिला, आईचा हात थोडा चाचपडला आणि त्याला तो सापडला. बघितलंसुद्धा नाही तिनं. सापडल्यावर तिनं त्यांच्या बाहीचं सुटलेलं बटण लावलं. न बघता. रोजची सवय असावी तसं.

मग दोघांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात झटकन मागे घेतले, चोरी पकडल्यासारखे.

बाईंनी सगळ्यांना बसवलं आणि तो प्रश्न विचारला. माझ्या घराला. "समजा, उद्यापासून ही निरोप न्यायची थांबली. सगळ्यात जास्त अडचण कुणाची होईल?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

"बोला," बाई म्हणाल्या.

आई बाईंकडे बघूनच बोलली. "ही परत आली तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून असायची. खाणं नको, आंघोळ नको. डॉक्टर झाले, सगळं झालं. आम्ही बोलून बोलून थकलो. त्यात ते कपाटाचं झालं. मी रागानं हिच्या खोलीत गेले आणि म्हटलं, सांग तुझ्या बाबांना, मी आता त्यांच्याशी बोलणार नाही." ती थांबली. "आणि ही उठली. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा स्वतःहून उठली. त्यांच्या खोलीत गेली, निरोप सांगितला, आणि उत्तर घेऊन परत आली."

"मग?"

बाबा म्हणाले, "भांडण तिसऱ्या दिवशी मिटलं होतं. पण ही चालायला लागली होती. म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस. मग हिला भूक लागायला लागली. मग हिनं नोकरी धरली, हे शिक्षण घेतलं. थांबायचं कधी, तेच ठरेना. प्रत्येक वेळी वाटायचं, आता हा टेकू काढला तर पडेल."

"अकरा वर्षं आम्ही आमच्याच घरात चोरून बोलतोय हो," आई म्हणाली, आणि आता मात्र ती खरंच रडत होती.

मी हसले. मग बाईंना, जशी काही मी काचेमागे आहे अशा थाटात म्हणाले, "ही माहिती पडताळून पाहायला हवी." माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं.

२८ मार्च, गुरुवार

राग. दुसरं काही नाही. मी निरोपांच्या पायी कुठल्या सहलीला गेले नाही, कुठल्या मैत्रिणीकडे राहिले नाही. एका भल्या माणसानं दोनदा विचारलं होतं, त्याला म्हटलं, घरी दोघांना कोण बघेल? आणि घरी दोघं माझ्या पाठीमागे बसून हसत होती.

आणि रेडिओ! आणि विस्मरण! आणि "सांग हो तिला"!

मी आजारी होते, असं कुणी मला कधी सांगितलंच नाही. मी थकले होते.

दार लावून बसले आहे. बाहेर चिडीचूप. मला आता कळतं की ही शांतता कान देऊन बसलेली असते.

३० मार्च, शनिवार

आज जेवताना आई म्हणाली, "सांग तुझ्या बा—" आणि थांबली. बाबांचा हात पाण्याच्या तांब्याकडे निघाला होता, तो तिथंच राहिला. दोघंही मग मिठाच्या बरणीकडे बघत बसली. सगळं उघडं पडलं तरी माझ्यासमोर त्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. विसरलेत. अकरा वर्षांत मी त्यांना एकमेकांशी एक वाक्यसुद्धा बोलताना ऐकलेलं नाही, आणि आता ऐकायला हवं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते, म्हणून तर त्यांना अजूनच जमत नाही.

तांब्या मी सरकवला नाही. हात मांडीखाली दाबून बसले. फार जड गेलं.

उद्या उत्तर द्यायचं आहे. आता मला अडवणारं कुणी नाही आणि माझा पाय उचलत नाही. खरं ते लिहिते: मला भीती वाटते. तिथल्या खोलीत दोन्ही बाजूंना भिंतीच असतील, आणि भिंतींपलीकडे कुणीही माझी वाट बघत नसेल. मी पुन्हा आडवी झाले तर? तिथं कोण भांडण काढेल माझ्यासाठी?

बाईंना फोन करून हेच विचारलं. बाई म्हणाल्या, "हा प्रश्न तू पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं विचारलास. पडशील तेव्हा फोन कर. मला, हुंकारला, कुणालाही. बाहेर रेघ काढायची ती अशीच काढतात."

३१ मार्च, रविवार

होकार कळवला. आधी कळवला आणि मग घरी सांगितलं, नाहीतर दोन्ही खोल्यांतून अर्धं अर्धं उत्तर गोळा करत बसले असते.

बाबा म्हणाले, "छान." आई म्हणाली, "छान." दोघंही मलाच म्हणाली.

१३ एप्रिल, शनिवार, बसमध्ये

हात हलतोय म्हणून अक्षर असं.

पहाटे जाग आली. बाबांच्या खोलीतून कुजबुज येत होती. मी उठून दाराशी गेले. आईच्या सपाता बाहेर होत्या, जागच्या जागी, नीट जोडून.

"तिची मोठी बॅग कपाटापाशी अडकेल," आई म्हणत होती.

"जाईल. काल ती झोपल्यावर मी मोजली."

"नाही जायची."

"अगं, जन्मभर मोजण्या केल्यात मी."

"लोकांच्या शेतांच्या. बॅगांच्या नाही."

"जाईल म्हटलं ना!"

"हळू बोला, ती जागी होईल."

मी बोळात उभी होते, कपाटाला टेकून. लोखंड पाठीला गार लागत होतं. सवयीनं माझं पाऊल मागे, माझ्या खोलीकडे वळलंही होतं. मग मी दारातूनच म्हटलं, "मी जागी आहे. मोठ्यानं बोला."

आतली कुजबुज तुटली. मला वाटलं, संपलं, आता हे दोघं मी गेल्याशिवाय तोंड उघडत नाहीत.

मग बाबा बोलले. मोठ्यानं. मला नाही, तिला.

"जाईल."

"नाही जायची," आई म्हणाली.

बॅग गेली नाही. हँडल कपाटाच्या कडीत अडकलं. मी पुढे झाले तर आईनं मला कोपरानं बाजूला सारलं. "तुम्ही तिकडून धरा," ती म्हणाली, आणि बाबा म्हणाले, "तू आधी कपाटाखालची वीट काढ." जिन्यापर्यंत दोघांची हुज्जत चालू होती. शिंपीणकाकू दार उघडून बघायला आल्या. कपाट दोघांनीच हलवलं, मला हात लावू दिला नाही.